वाढदिवसाच्या आधीचा केक

मला मॅडमची भीती वाटायची. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे लिहिणार आहे ते त्या भीतीतूनच पाहिलेलं आहे, आणि घाबरलेल्या माणसाला सगळं नीट दिसतंच असं नाही.

मॅडम रशियन होत्या. जुमेरा लेक टॉवर्समधल्या एका बिल्डिंगमध्ये आमचं छोटंसं ऑफिस होतं. कंपनी रशियातून पिवळे वाटाणे आणि सूर्यफुलाचं तेल घ्यायची आणि इकडे आखातात, शिवाय भारतात, विकायची. मॅडम तिथल्या मुख्य अकाउंटंट आणि मी त्यांच्या खोलीत कोपऱ्यातल्या टेबलावर बसणारी इंटर्न. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. बाबा दहावीनंतर कामाला लागले, आई आठवीपर्यंत शिकली. त्यामुळे ऑफिसात कसं वागायचं हे मला सांगणारं घरात कोणी नव्हतं. आईने एकच सांगितलं होतं, "हसून बोल, आणि मोठ्यांना नाही म्हणू नकोस."

मी हसून बोलत होते. पहिल्या आठवड्यात मॅडम आत आल्या की मी रोज हसून "गुड मॉर्निंग" म्हणायचे. एका सकाळी त्यांनी पर्स टेबलावर ठेवली, माझ्याकडे वळून पाहिलं आणि विचारलं, "काय विनोद झाला?" त्यांच्याकडे कारणाशिवाय कोणी हसत नाही आणि त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं, हे मला पुष्कळ नंतर कळलं. तेव्हा मला वाटलं, आपलं काहीतरी चुकलं. दुसऱ्या दिवशी मी हसले नाही, तर त्यांनी विचारलं, "आजारी आहेस?"

ऑफिसात रशियन माणसं तीनच होती. डायरेक्टर, मॅडम आणि बंदरावरची कामं बघणारा एक तरुण मुलगा. बाकी आम्ही भारतीय. तो मुलगा मॅडमना नुसत्या नावाने हाक मारत नसे. आधी त्यांचं नाव, मग त्याला जोडून त्यांच्या वडिलांचं नाव, असं पूर्ण म्हणायचा. मला याची गंमत वाटायची. आपल्यालाही वडिलांचं नाव असतंच की मधे, पण ते पासपोर्टवर आणि लग्नपत्रिकेत. चहा विचारताना कोणी ते म्हणत नाही. ही माणसं मात्र दिवसातून वीसदा एकमेकांच्या वडिलांची आठवण काढत.

माझी भीती नुसत्या त्यांच्या चेहऱ्याची नव्हती. बाबा शारजातल्या हमरिया फ्री झोनमधल्या एका गोदामात फोर्कलिफ्ट चालवता चालवता सुपरवायझर झाले होते, आणि त्यांचं कंत्राट डिसेंबरअखेर संपत होतं. पुढे वाढवणार नाही, असं कंपनीने कळवलं होतं. आई आणि मी त्यांच्याच व्हिसावर. माझं कॉलेजचं एक वर्ष अजून बाकी. या ऑफिसने मला नोकरीवर घेतलं, तर मी माझ्या व्हिसावर राहून, संध्याकाळचे वर्ग करून डिग्री पुरी करू शकत होते. नाही घेतलं तर तिघांनी सामान बांधायचं आणि अंबरनाथला परत, डिग्री अर्धी टाकून. आणि घ्यायचं की नाही हे मॅडमच्या शब्दावर होतं. बाबा रोज रात्री जेवताना एकच विचारायचे, "काय म्हणाली गं तुझी मॅडम?" मी म्हणायचे, "काही नाही बाबा." ते खरंच होतं. मॅडम काहीच म्हणत नसत.

ऑक्टोबरात आंटीला शोध लागला की मॅडमचा पन्नासावा वाढदिवस रविवारी येतोय. आंटी म्हणजे आमच्या ॲडमिनच्या. वसईच्या, इथे पंधरा-वीस वर्षं काढलेल्या, सगळं ऑफिस त्यांना आंटीच म्हणतं. शनिवार-रविवार सुट्टी, शुक्रवारी अर्धा दिवस. मग शुक्रवारी, दुपारी घरी जायच्या आधी केक कापायचा, असं आंटीने ठरवून टाकलं.

"पन्नासावा आहे, हबीबी! असा सोडतात काय?" त्या म्हणाल्या. "बाय, तू त्यांच्या खोलीत बसतेस. तूच विचार."

"मी नको आंटी. मला भीती वाटते."

"खाणार आहे का तुला? यल्ला, जा."

मी गुरुवारी विचारलं. मॅडम स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाल्या, "नाही. वाढदिवस रविवारी आहे. त्याच्या आधी काही करायचं नाही. समजलं?"

"येस मॅडम," मी म्हणाले.

बाहेर येऊन मी आंटीला जसंच्या तसं सांगितलं. आंटी हसल्याच. "अगं, मग काय, 'हो, आणा माझ्यासाठी केक' असं म्हणेल का कोणी? आपण नाही म्हणत, कशाला एवढं, कशाला? तसंच आहे ते."

आणि मलाही ते पटलं. आमच्या घरी कोणी पाहुणा आला आणि पोहे नको म्हणाला, तर आई डिश भरून त्याच्या हातात देतेच. दुसऱ्यांदा नको म्हणाला तर "थोडेच घ्या हो". तिसऱ्यांदा तो घेतो. पहिलं नको म्हणजे नुसती पद्धत. जो पहिल्याच नकोला थांबला, त्याने मनापासून विचारलंच नव्हतं, असं आमच्याकडे धरतात. मॅडमचं ते पहिलं नको होतं. मी तेवढ्यावर थांबले तर त्यांना वाईट वाटेल, असंच मला वाटलं.

शुक्रवारी आम्ही मोठ्या टेबलावर केक मांडला. मेणबत्त्या लावल्या. मॅडम डायरेक्टरच्या खोलीतून बाहेर आल्या आणि आंटीने गाणं सुरू केलं, आम्ही टाळ्या वाजवायला लागलो. तेवढ्यात तो रशियन मुलगा बंदरावरून आला. दारातच थांबला आणि हळूच म्हणाला, "नो, नो, नो."

मॅडमच्या चेहऱ्यावरचा रंग उतरताना मी पाहिला. राग असता तर मला कळला असता. राग मी ओळखते. हे वेगळं होतं, माझ्या आईचा चेहरा भारतातून अवेळी फोन आला की होतो, तसं काहीतरी. त्यांनी आपल्या भाषेत एक शब्द म्हटला, पर्स उचलली, आणि जाताना फक्त माझ्यासमोर थांबल्या.

"मी नाही म्हटलं होतं," त्या म्हणाल्या.

मग त्या गेल्या. मेणबत्त्या जळतच होत्या. शेवटी आंटीने फुंकर मारली.

त्या मुलाने आम्हाला समजावून सांगितलं. त्यांच्याकडे वाढदिवसाच्या आधी शुभेच्छा देत नाहीत. ते फार अशुभ समजतात. जो दिवस अजून आलाच नाही, तो उजाडल्यासारखा साजरा केला, तर तो येईलच असं कोणी सांगितलंय? त्याची आई म्हणे आदल्या संध्याकाळी त्याचा फोनसुद्धा उचलत नाही.

"आपल्याकडे पगार ॲडव्हान्समध्ये मागतात," आंटी म्हणाल्या, "शुभेच्छांनी काय घोडं मारलंय?" पण त्यांच्या आवाजात जोर नव्हता.

"तिच्या वडिलांचं सोमवारी हृदयाचं ऑपरेशन आहे," तो मुलगा म्हणाला. "तिकडे. तिला जाता आलं नाही."

त्याने केक खाल्ला नाही. आम्हीही खाल्ला नाही. आंटीने तो तसाच खाली सिक्युरिटीवाल्यांना देऊन टाकला.

शारजाच्या बसमध्ये मी उभी होते. नोकरी गेली, हा विचार आधी आला. डिसेंबर, अंबरनाथ, अर्धी डिग्री. मग दुसरा विचार आला आणि तो पहिल्यापेक्षा वाईट होता. सोमवारी त्या म्हाताऱ्या माणसाला काही झालं तर? मी असल्या गोष्टी मानत नाही, असं कॉलेजात म्हणत होते. पण मानत नाही म्हणणं आणि त्या मेणबत्त्या आपणच लावल्यात हे आठवणं, या दोन गोष्टी एकत्र राहत नव्हत्या. मांजर आडवं गेलं की बाबा अजून दोन मिनिटं गाडी थांबवतात आणि आम्ही त्यांना हसतो. त्या दिवशी हसू आलं नसतं.

घरी मी काही सांगितलं नाही. बाबांनी विचारलं, "काय म्हणाली मॅडम?" मी म्हणाले, "काही नाही."

रविवारी सकाळी मी मॅडमना मेसेज लिहिला. आज तरी वाढदिवस होता, आज चालेल ना? मग वाटलं, आता तेही चुकीचं असेल तर. पुसला. पुन्हा लिहिला, पुन्हा पुसला. संध्याकाळी आईने स्वयंपाकघरातल्या छोट्या देव्हाऱ्यात दिवा लावला, तेव्हा मी तिच्या मागे जाऊन उभी राहिले. मी कधीच उभी राहत नाही, म्हणून तिने वळून पाहिलं. मी डोळे मिटले आणि त्या माणसासाठी काहीतरी मागितलं. त्यांना मी पाहिलेलं नव्हतं, ते कोणत्या गावात आहेत हेही मला माहीत नव्हतं. नाव मात्र माहीत होतं. मुलीच्या नावातच ते होतं.

सोमवारी मॅडम आल्या नाहीत. दुपारी माझ्या फोनवर त्यांचा मेसेज आला. निळी फाइल आणि कंपनीचा शिक्का घेऊन घरी ये. खाली फ्लॅटचा नंबर. बस्स.

"तुलाच का बोलावलं गं?" आंटीने विचारलं. मग माझ्या चेहऱ्याकडे बघून म्हणाल्या, "अगं, सहीसाठी असेल. बँकेचं काम आहे. जा, जा. मी मनात प्रार्थना करते." त्यांनी खरंच क्रूसाची खूण केली, आणि त्यामुळे मला जास्तच भीती वाटली.

मॅडमचं घर तळ्याच्या पलीकडच्या टॉवरमध्ये होतं. चालत जाण्याइतकं जवळ. मला ते अंतर संपायला नको होतं. लिफ्टमध्ये मी वाक्यं जुळवत होते. सॉरी मॅडम. आम्हाला माहीत नव्हतं मॅडम. वडील कसे आहेत मॅडम. पण हे शेवटचं विचारायचं कसं? उत्तर वाईट असलं तर मी तिथे काय करायचं?

दार उघडलं. मॅडम घरातल्या साध्या कपड्यांत होत्या, केस बांधलेले नव्हते. मी फाइल आणि शिक्क्याचा डबा पुढे केला. त्या एकदम मागे सरल्या. हात पाठीमागे घेतले.

"नाही," त्या म्हणाल्या. "दारातून नाही."

माझ्या हातून त्यांना आता काही घ्यायचंसुद्धा नाही, असा मी त्याचा अर्थ लावला. डोळ्यांत पाणी आलं.

"आत ये. आत येऊन दे. उंबरठ्यावरून द्यायचं नसतं."

मी आत पाऊल टाकलं आणि मगच माझ्या डोक्यात शिरलं, की हे तर मला माहीत होतं. किराणा घेऊन येणाऱ्या माणसालाही आई आधी "आत या" म्हणते आणि मग पिशवी घेते. उंबऱ्यावर देणं-घेणं नाही, उंबऱ्यावर उभं राहून बोलणं नाही. घरी मी हे कधी विसरले नसते. इथे, रशियन बाईच्या दारात, आपलं काही लागू असेल असं मला सुचलंच नव्हतं.

मी चपला काढल्या. मॅडमनी पायाने कापडी सपाता माझ्याकडे सरकवल्या, पाहुण्यांसाठीच ठेवलेल्या असाव्यात. आत शेपूच्या भाजीसारखा वास येत होता. टेबलावर चहा, आणि चहाशेजारी फोन, उताणा. मॅडमनी सह्या केल्या, शिक्के मारले. प्रत्येक शिक्क्यानंतर त्या फोनकडे बघत होत्या. तेवढ्यावरून मला कळलं की ऑपरेशन अजून चालू आहे.

मी फाइल उचलली.

"बस," त्या म्हणाल्या.

मी बसले. त्यांनी माझ्यासाठी काळा चहा ओतला आणि एक छोटी वाटी पुढे ठेवली. त्यात चेरीचा घट्ट, गडद मुरांबा होता, सोबत चमचा. "खा."

सकाळपासून भीतीने मी काही खाल्लं नव्हतं. पण मी म्हणाले, "नको मॅडम, थँक यू."

त्यांनी वाटी उचलली आणि परत आपल्याकडे ठेवली.

मी त्या वाटीकडे बघत राहिले. त्या पुन्हा विचारतील असं वाटलं. त्यांनी विचारलं नाही. मुरांबा चहात न घालता त्यांनी चमच्याने थोडा तोंडात घेतला, वर चहाचा घोट घेतला आणि फोनकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"तुला हवा होता?"

"हो," मी म्हणाले. खोटं बोलायची ताकदच उरली नव्हती.

"मग नको का म्हणालीस?"

मी सांगायचा प्रयत्न केला. माझं इंग्रजी घाबरल्यावर आणखी वाईट होतं. मी म्हणाले, आमच्याकडे पहिल्यांदा नकोच म्हणायचं असतं. समोरच्याने पुन्हा विचारायचं असतं. तिसऱ्यांदा घ्यायचं. पहिल्यांदाच घेतलं तर हावरट दिसतं, आणि पहिल्यांदा नको म्हटल्यावर सोडून दिलं तर विचारणाऱ्याला माया नाही असं दिसतं.

मॅडम माझ्याकडे बघत होत्या. मी ओळखीचं काही शोधत होते त्या चेहऱ्यावर, पण त्यावर काही नव्हतं.

"गुरुवारी," त्या सावकाश म्हणाल्या, "मी नाही म्हटलं. तेव्हा तुला वाटलं की ते पहिलं नाही आहे."

"हो मॅडम."

"आणि तू मला 'येस' म्हणालीस."

"हो मॅडम."

"देवा," त्या म्हणाल्या, किंवा त्यांच्या भाषेत तसंच काहीतरी. त्यांनी वाटी पुन्हा माझ्यापुढे ठेवली, जरा जोरात. तेवढ्यात फोन वाजला.

त्यांनी तो उचलला नाही. हात पुढे गेला आणि फोनच्या वर थांबला. फोन वाजत होता, टेबलावर थरथरत होता, आणि मॅडम नुसत्या बघत होत्या. त्या माझ्याइतक्याच घाबरल्या आहेत, हे मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं. मला उठून जावंसं वाटलं. मला तिथे असायचा हक्क नव्हता. मग माझ्या तोंडून निघालं, "मॅडम, घ्या." मराठीतच.

त्यांनी घेतला. पलीकडे एका म्हाताऱ्या बाईचा आवाज होता, त्यांची आई असणार. मॅडम ऐकत होत्या. मला एक शब्द कळत नव्हता. मी त्यांच्या खांद्यांकडे बघत होते. कितीतरी वेळ ते तसेच ताठ होते. मग त्यांनी काहीतरी विचारलं, उत्तर ऐकलं, पुन्हा तेच विचारलं. आणि खुर्चीत मागे टेकल्या.

फोन ठेवल्यावर त्या म्हणाल्या, "ऑपरेशन झालं. अजून शुद्धीवर नाही. डॉक्टर म्हणतात, ठीक आहे. उद्या कळेल."

"सॉरी मॅडम," मी म्हणाले, आणि मग मला रडू आवरेना. अख्ख्या लिफ्टभर जुळवलेल्या वाक्यांतलं तेवढंच एक बाहेर आलं.

त्यांनी मला जवळ घेतलं नाही, पाठीवर हातही ठेवला नाही. कागदी रुमालांचा डबा सरकवला आणि माझं रडून होईपर्यंत चहा पीत बसल्या.

"मी हे मानत नाही," त्या म्हणाल्या. "केक आणि ऑपरेशन. मी अकाउंटंट आहे. पण कशाला हात लावायचा अशा गोष्टीला? समजतंय?"

"येस मॅडम."

"खरंच समजलं, की येस?"

"खरंच समजलं," मी म्हणाले. "माझे बाबा मांजर आडवं गेलं की गाडी थांबवतात."

त्यांनी मान हलवली, जणू हे हिशेबात बसत होतं. मग विचारलं, "तुला इथे नोकरी हवी आहे?"

माझ्या सवयीने मी म्हणणार होते, तुम्हाला योग्य वाटेल तसं. मी तोंड मिटलं. "हवी आहे," मी म्हणाले. एवढं उघडं मी कोणाकडे काही मागितलं नव्हतं.

"तुझं काम वाईट नाही. पण तुला कळत नाही तेव्हा तू येस म्हणतेस, आणि मग मी सगळं पुन्हा तपासते. मला वाटायचं तू खोटं बोलतेस. आता वाटतं, घाबरतेस. माझ्यासाठी दोन्ही सारखंच आहे. जानेवारीपासून तीन महिने ठेवा, असं मी डायरेक्टरना सांगेन. ते नाही म्हणू शकतात. त्यांचं नाही म्हणजे नाही."

डायरेक्टर नाही म्हणाले नाहीत. मॅडमचे वडीलही शुद्धीवर आले आणि पहिल्यांदा त्यांनी चष्मा मागितला, असं तो रशियन मुलगा आंटीला सांगत होता.

डायरेक्टरांचं उत्तर आलं त्या रात्री बाबांनी विचारायच्या आधीच मी सांगितलं. ते खूश झाले. पण तीन महिन्यांचा हा व्हिसा माझ्या एकटीचा होता. "म्हणजे आम्ही दोघं पुढे जायचं," ते म्हणाले. आई म्हणाली, "राहील कुठे पण ती?" आंटीच्या ओळखीच्या एका कुटुंबात एक खोली मिळाली. डिसेंबरात मी त्यांना शारजाच्या एअरपोर्टवर सोडलं आणि परत येताना माझी भीती वाढलेली होती. कमी झाली असं लिहिलं तर ते खोटं होईल.

जानेवारीतल्या पहिल्या सोमवारी मॅडमनी मला एका जहाजाचे कागद दिले आणि त्यात काय जुळवायचं ते भराभर सांगितलं. मला निम्म्याच्या पुढे काही कळलं नाही. त्या सांगून वळल्याही होत्या. मी उभीच राहिले. तीन महिन्यांतला हा पहिलाच दिवस, आणि पहिल्याच दिवशी हे सांगायचं.

"मॅडम," मी म्हणाले, "मला समजलं नाही."

त्यांनी चष्मा काढला. माझ्याकडे पाहिलं. मग हसणं-बिसणं न करता बाजूची खुर्ची ओढली.

"बस," त्या म्हणाल्या. "कुठून नाही समजलं?"